फोनची एकच वायर

संपादकसाहेब आणि वाचकहो, आधी माफी मागतो. तुमच्या मासिकातलं हे सदर मी कॉलेजच्या वाचनालयात नेमाने वाचतो, पण त्यात आपण लिहावं एवढी माझी पात्रता नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि प्रयोगवही व विनंतीअर्ज सोडले तर आजवर काही लिहिलेलं नाही. हा मजकूर चार वेळा लिहून फाडला. पाचव्यांदा लिहितोय, ते कुणालातरी सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. माझ्या आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि घरातले देव स्वतःच्या हाताने ओढ्यात सोडले. तेव्हापासून आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही, भुताची गोष्टसुद्धा नाही. लहानपणी चिंचेखालून जायला घाबरलो तर आई तिथेच नेऊन बसवायची आणि म्हणायची, "बस हितं. काय दिसलं तर मला सांग." कधीच काही दिसलं नाही. त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. जे झालं तेवढं सांगतो.

मी मूळचा आटपाडी तालुक्यातल्या एका लहान गावचा. वडील नाहीत. घरी आई, आणि थोरली बहीण सुमनताई, जी लग्न होऊन सांगलीला असते. दाजी तिथल्या हळदीच्या गोदामात हमाल आहेत. मी साताऱ्यात शिकतो आणि गोडोलीच्या बाजूला एका निवृत्त सुभेदारांच्या घराच्या मागच्या खोलीत राहतो. त्यांना सगळे अप्पा म्हणतात, मीही म्हणतो. अप्पा एकटेच. त्यांची मुलगी बंगलोरला कंप्युटरच्या कंपनीत आहे. तिने गेल्या वर्षी आपला जुना लॅपटॉप त्यांना आणून दिला. जाड वहीएवढा, काळा. सोबत इंटरनेटचं कनेक्शन. म्हणाली, "अप्पा, आता पत्रं नकोत, ई-मेल करायचा."

अप्पांना ते जमेना. मला थोडं इंग्रजी टायपिंग येत होतं. म्हणून रोज दुपारी चार वाजता मी त्यांचा ई-मेल लिहायचा, अशी आमची व्यवस्था ठरली. अप्पा खुर्चीत ताठ बसून सांगायचे, "लिही — तब्येत ठीक. गुलाबाला कीड पडली. औषध मारलं. ओव्हर."

"अप्पा, ई-मेलमध्ये ओव्हर लिहीत नाहीत."

"मग तिला कळणार कसं संपलं ते? लिही गुमान, प्रोफेसर."

आता महत्त्वाचं सांगतो. घरात फोनची लाइन एकच आणि वायरही एकच. भिंतीतून आलेली ती वायर एरवी फोनच्या पाठीत असायची. इंटरनेट हवं असलं की ती फोनमधून काढून लॅपटॉपच्या कडेला खोचायची. मग लॅपटॉप स्वतःच नंबर फिरवायचा. त्याच्या पोटात एक बारका स्पीकर होता, त्यातून नंबर फिरल्याचे सूर यायचे, दोनदा रिंग ऐकू यायची आणि मग तव्यावर पाणी टाकावं तसं चर्रर्र व्हायचं. ते थांबलं की इंटरनेट लागलं. तेवढा वेळ फोन म्हणजे नुसतं खोकं. बाहेरून कुणी केला तर त्याला एंगेजचा सूर. म्हणून अप्पांनी नियम केला होता — वीस मिनिटं. त्यानंतर वायर परत फोनला. अप्पांचे नियम मोडायची माझी हिंमत नव्हती. एकदाच मोडला.

गेल्या ऑक्टोबरची, म्हणजे १९९९ सालची गोष्ट. दसरा जवळ आला होता. ताईचा नववा महिना सरत आला होता. सांगलीच्या डॉक्टरबाईंनी तपासून सांगितलं होतं की बाळाची वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी आहे, बाळंतपणात फार रक्त जाऊ शकतं. आणि ताईचा रक्तगट ओ निगेटिव्ह, सहज न मिळणारा. आमच्या कॉलेजात रक्तदान शिबिर झालं होतं, तेव्हा माझाही तोच निघाला होता. डॉक्टरबाई आईला म्हणाल्या होत्या, "एक बाटली मी मिरजेहून मागवून ठेवते. दुसरी म्हणजे हिचा भाऊ. एका फोनवर निघाला पाहिजे."

मी सांगलीला जाऊन राहायला हवं होतं, हे मला आता कळतं. पण माझ्या प्रॅक्टिकल परीक्षा होत्या आणि बाळंतपणाला अजून पंधरा दिवस होते. ताईच म्हणाली, "जा रं. तू नापास झालास तर मला दुप्पट तरास." आई तिच्याजवळ राहिली. गावच्या घराला कुलूप. दाजींनी अप्पांचा नंबर दोन कागदांवर लिहून घेतला. एक स्वतःच्या खिशात ठेवला आणि एक गावाला भागीरथीकाकूंना पाठवला.

काकूंबद्दल सांगायला हवं. आमच्या गावात एसटी थांबते तिथे त्यांचं किराणा दुकान आहे आणि गावातला एकुलता एक फोन त्या दुकानात. ज्याच्याकडे फोन नाही तो शेजाऱ्याचा नंबर देतो आणि पुढे पीपी लिहितो, हे तुम्हाला माहीतच आहे. आमच्या अख्ख्या गावाचा पीपी म्हणजे काकू. कुणाचाही फोन आला की दुकान उघडं टाकून त्या पळत सुटायच्या, आमच्या वस्तीच्या टोकापर्यंत यायच्या. फोनवर बोलताना त्या ओरडायच्या. साताऱ्याला फोन असला तर जास्त, पुण्याला असला तर त्याहून जास्त. आणि सुरुवात नेहमी एकच — "हालू, मी भागीरथी, पीपी." जणू पीपी हे त्यांचं आडनावच. निरोप सांगून झाला की ऐकणाऱ्याने हूं म्हटल्याशिवाय त्या फोन ठेवायच्या नाहीत. म्हणायच्या, "निरोप पोचला का न्हाई ते कळाया नगं?"

त्या दिवशी मंगळवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला माझं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल. मी तीन वाजता खोलीवर आलो. अप्पा सकाळपासून मिलिटरी कँटीनला गेले होते, तेही नुकतेच आले होते. म्हणाले, "आज मेल लवकर उरकू. मला झोप येतीय." सव्वातीनला मी वायर लॅपटॉपला लावली. अप्पांचा मेल दहा मिनिटांत झाला. ते आत जाऊन आडवे झाले.

वायर तेव्हाच काढायची होती...

पण माझ्या वहीत डॉक्टरबाईंनी सांगितलेला तो इंग्रजी शब्द लिहिलेला होता, प्लॅसेंटा वगैरे. कॉलेजच्या पुस्तकांत त्याबद्दल दोन ओळी होत्या. मनात आलं, इंटरनेटवर जगभरातल्या डॉक्टरांचं असेल, बघावं. ताईसाठीच तर बघतोय. पान उघडायला लागलं. एकेक ओळ वरून खाली उतरत होती, पडदा सोडल्यासारखी. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचत होतो. एक पान, मग दुसरं, मग तिसरं. ती इंग्रजी वाक्यं फार कोरडी होती. रक्तस्राव अचानक सुरू होतो, वेदना होतीलच असं नाही, उशीर झाल्यास आई आणि मूल दोघांच्या... पुढचे शब्द मी डिक्शनरीत शोधले नाहीत. कळले होते.

मध्ये एकदा लाइन तुटली. घड्याळात चार वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. सव्वातीनपासून फोन बंद होता! पण ते पान अर्धं राहिलं होतं. मला वाटलं, एवढं एकच. आणि मी लॅपटॉपला पुन्हा नंबर फिरवायला लावलं.

सूर आले. पण रिंग आली नाही. चर्रर्र झालं नाही.

एकदम शांत झालं. विहिरीत वाकून बघावं तेव्हा कानाला लागते तसली शांतता. आणि मग त्या बारक्या स्पीकरमधून आवाज आला —

"हालू... हालू. मी भागीरथी, पीपी."

पहिल्यांदा मला हसू आलं, खरंच सांगतो. अंगावर काटा वगैरे काही आला नाही. तो आवाज इतका ओळखीचा होता की त्यात भिण्यासारखं काही नव्हतंच.

"हालू, सातारकर. मिलिंद हाय का तितं? जरा मिलिंदला बलवा की वो."

"काकू, मीच! मीच बोलतोय!"

"कुनी बोलंना बया..."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी ज्याच्याशी बोलत होतो त्याला बटणं होती, पडदा होता, आवाज बाहेर यायला एक जाळी होती. पण आवाज आत जायला काहीही नव्हतं. (नंतर अप्पांच्या मुलीला मुद्दाम विचारलं. त्या लॅपटॉपला माइक नाही.) फोन शेजारीच होता, हातभर अंतरावर. पण त्याची वायर लॅपटॉपमध्ये होती. ती काढून फोनला लावायची तर तेवढ्यात हा आवाज तुटणार. नाही काढली तर मला बोलता येणार नाही. माझा हात वायरीवर गेला आणि तिथेच राहिला.

"बरं, आयका. निरोप सांगते. सुमनला सकाळधरनं रगत जातंया. दवाखान्यात हाय. मिलिंदचं रगत पायजे. जावयबापूंनी एसटीवर चिठ्ठी धाडलीया. त्येला म्हणावं, आत्ताच्या आत्ता सांगलीला नीघ. परीक्षा-बिरीक्षा ऱ्हाऊ दे म्हणावं."

मी उभा राहिलो होतो, पण कधी ते आठवत नाही. वायर हातात धरलेलीच होती.

"आयकतोयस न्हवं रं, मिलिंदा? हूं तरी म्हन. तू हूं म्हनल्याबिगर मी ठिवत न्हाई. हितंच हुबी हाय मी."

आणि मग बराच वेळ काही नाही. फक्त कुणीतरी पलीकडे थांबलंय हे कळत होतं. मी गुडघ्यावर बसलो. त्या जाळीला तोंड लावलं. शेजारी कुणी असतं तर वेडा म्हणालं असतं. हळूच म्हणालो, "व्हय काकू, निघालो."

मग त्या म्हणाल्या, "बरं."

आणि लगेच पुन्हा नंबराचे सूर, दोनदा रिंग आणि नेहमीचं चर्रर्र. इंटरनेट लागलं. पडद्यावर ते राहिलेलं पान खालपर्यंत उतरायला लागलं.

आतून अप्पांचा आवाज आला. "टीव्ही लावलास व्हय रं? कुणी बाई वरडतीय."

मी जाऊन सगळं सांगितलं. नीट सांगता येत नव्हतं. अप्पांनी ऐकून घेतलं. आधी वायर काढून फोनला लावली आणि गावचा नंबर फिरवला. "इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं..." आमच्या गावाला फोन लावला की दहापैकी आठ वेळा हेच ऐकू येतं, त्यात नवल नव्हतं. सांगलीच्या दवाखान्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. नंबर घ्यायचं कुणाला सुचलंच नव्हतं. फोन तेच करणार होते ना.

"अप्पा, उद्या प्रॅक्टिकल आहे," मी म्हणालो. "आणि मी तासभर तेच वाचत होतो... कदाचित मलाच..."

"मी पण वाचत हुतो काय?" अप्पा म्हणाले. "बाईचा आवाज मला आला. शब्द नाही आले, आवाज आला. मूव्ह. खरं का खोटं ते बसमधे बसून ठरव."

त्यांनी स्कूटरवरून मला स्टँडवर सोडलं. पाच दहाची सांगली गाडी निघतच होती.

त्या प्रवासाबद्दल काय लिहू? उंब्रजपर्यंत मी फक्त स्वतःला शिव्या देत होतो. उंब्रज गेल्यावर वेगळीच शंका यायला लागली. फोन वाजला नव्हता. लॅपटॉपला फोन येतो का कधी? मी इतका वेळ रक्ताबद्दल वाचत होतो, डोकं तापलं होतं. अप्पा अर्धवट झोपेत होते. त्यांना रस्त्यावरच्या कुणाचा आवाज आला असेल. ताई या क्षणी घरी पाय पसरून भाजी निवडत बसली असेल आणि मी तिच्या दारात जाऊन उभा राहीन. आणि उद्या प्रॅक्टिकलला गैरहजर. वर्ष गेलं. आईने गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की माझं पोरगं पुढच्या साली पदवीधर होणार.

कराडला गाडी वीस मिनिटं थांबली. ड्रायव्हर चहाला गेला. मी खाली उतरलो तर शेजारच्या फलाटावर साताऱ्याची गाडी लागलेली. तिच्यात बसलो असतो तर जेवणाच्या वेळेला खोलीवर. मी दोन गाड्यांच्या मधे उभा राहिलो. बुद्धीने विचार केला तर साताऱ्याच्याच गाडीत बसायला हवं होतं. मी विज्ञानाचा विद्यार्थी आहे.

पण मी "निघालो" म्हणालो होतो. पलीकडे कुणी असो-नसो, मी तसं म्हणालो होतो. सांगलीच्या गाडीचा कंडक्टर ओरडला, "ओ कॉलेजवाले, येताय का ऱ्हाताय?" आणि मी चढलो.

पावणेनऊला सांगली आली. रिक्षा करून थेट दवाखान्यात गेलो, घरी गेलोच नाही. फाटकात दाजी उभे होते. त्यांचे हात कोपरापर्यंत हळदीने पिवळे, गोदामातून तसेच पळत आलेले. मला बघून ते दोन पावलं मागे सरले.

"तू... तू कसा आलास? कुनी सांगितलं?"

"ताई कशी आहे?"

"हाय. अजून हाय. चल, आधी आत चल." मला दंडाला धरून ओढत ते बोलत होते. "आरं, अकरा वाजल्यापासनं फोन लावतोय. आधी कुनी उचलंना. तीननंतर बघावं तवा एंगेज! पाचनंतर औषधाच्या पळापळीत लावताच आला न्हाई. काय करत हुता काय तुमी लोकं?"

मी मान खाली घालून त्यांच्या मागे गेलो.

डॉक्टरबाई दारातच भेटल्या. मिरजेहून आणलेली बाटली दुपारीच लावून झाली होती. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, "भाऊ?" एवढंच विचारलं आणि आत नेलं. माझं रक्त तपासलं, जुळवलं, घेतलं. मी छताकडे बघत पडून होतो. आई दारापाशी भिंतीला टेकून बसली होती. ती रडत नव्हती, नुसती माझ्या हातातल्या नळीकडे बघत होती. दहाच्या आत ऑपरेशन झालं. मुलगी झाली. ताई वाचली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई बोलायला लागली. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता, पण जीभ तीच. म्हणाली, "तुझं रगत चढवलंय म्हनं. आता मला बी चष्मा लागतोय बघ."

दाजींना मी सांगितलं की काकूंचा फोन आला होता. ते म्हणाले, "म्हंजे कंडक्टरनं चिठ्ठी दिली म्हनायची! दुपारच्या गाडीवर दिली हुती मी. म्हटलं, मला औषधाला पळायचंय, काकू दिवसभर फोनजवळच असत्यात, त्या लावत बसतील. काकूंना बी फोन लावून बघितला, तर त्यो नेहमीचाच... लाइनें व्यस्त हैं." सगळ्यांनी काकूंना दुवा दिला. मलाही बरं वाटलं. म्हणजे भास नव्हता. सगळं जुळत होतं.

आठवड्याने साताऱ्याला परत आलो. आमच्या सरांनी प्रॅक्टिकल पुन्हा घ्यायचं कबूल केलं. हे त्यांचे उपकार. अप्पांनी तोवर त्यांच्या ओळखीच्या लाइनमनला बोलावून ठेवलं होतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "होतंय की असं. लाखात एखाद्या वेळी. बाहेरचा फोन यायला आणि तुमच्या मशीननं लाइन उचलायला एकच क्षण गाठ पडली की रिंग न वाजताच फोन उचलला जातो. बाईंचा फोन आलेला, मशीननं उचलला. स्पीकर आहे म्हणून तुम्हाला ऐकू आला. त्यांनी ठेवल्यावर मशीननं आपला नंबर परत फिरवला. त्यात काय एवढं?"

मी इतका हलका झालो की सांगता येत नाही. सायन्सच होतं तर! मी अप्पांकडे बघून हसलो. अप्पा हसले नाहीत. उठले, लॅपटॉपच्या खालून एक निळं अंतर्देशीय पत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं. "परवा आलंय. तुझं आहे, म्हणून फोडलं न्हाई. पण पाठवणाऱ्याचं नाव वाचलंय."

पत्र भागीरथीकाकूंचं होतं. त्यांना लिहिता येत नाही, आमच्या गावच्या पोस्टातल्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. मंगळवारची तारीख घातलेली, वर आमच्या पोस्टाचा बुधवारचा शिक्का. आशीर्वादानंतरची पहिलीच ओळ मी तीनदा वाचली. ते पत्र शेवटी देतो, कारण त्यानंतर मला काही लिहिता येणार नाही.

त्याआधी, मी काय काय तपासलं ते सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत गावाला गेलो. परतीच्या पावसाच्या वादळात पडलेला टेलिफोनचा खांब ओढ्याच्या काठी तसाच आडवा होता, शेजारी नवा उभा केला होता. आटपाडीच्या लाइनमनला भेटलो. तो म्हणाला, दसऱ्यानंतर जोडणी केली, त्याआधी दोन आठवडे तिकडची तार जमिनीवर पडलेली होती. पोस्टाच्या मास्तरांना भेटलो. त्या मंगळवारी साडेचारच्या सुमाराला ते दुकानात काडीपेटी घ्यायला गेले होते. ते म्हणाले, "मी बघितलं की. बाई बंद फोन कानाला लावून बोलत हुती. मी म्हटलं, आवं काकू, मेलाय न्हवं त्यो? तर मला हातानं गप केलं."

काकूंनाही भेटलो. माझं ऐकून घेतल्यावर त्यांनी मला फक्त बसायला पाट दिला आणि म्हणाल्या, "पोरगी कशी हाय सुमनची? केस हायत का डोक्यावर?"

लाइनमनचं म्हणणं मी खूपदा तपासून पाहिलं. ते बरोबर आहे, पण त्याला पलीकडून चालू फोन लागतो. दाजींच्या चिठ्ठीतला मजकूर मला आधी माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. अप्पांनी आवाज ऐकला. मी आईलाही विचारलं. ती नात मांडीवर थोपटत राहिली. आजोबा असते तर काय म्हणाले असते ठाऊक नाही. मला उत्तर सापडलेलं नाही. कुणाला सापडलं तर मासिकाच्या पत्त्यावर कळवावं, ही विनंती.

आता पत्र. मास्तरांनी काकूंच्या तोंडचे शब्द तसेच उतरवले आहेत, मीही तसेच उतरवतो.

"चिरंजीव मिलिंद यास भागीरथीचा आशीर्वाद. आमचा फोन आट दिस झालं मेलाय. वारं सुटलं तवा खांब पडला. आज दुपारी कंडक्टरनं जावयबापूंची चिठ्ठी दिली, वाचून बी दाखवली. सुमनला रगत जातंया, तुला सांगलीला धाडायचंय. आटपाडीला जाऊन फोन करावा तर गाडी उद्या सकाळची. काय करू? जीव ऱ्हाईना म्हनून मेल्या फोनात बोलून बघितलं. सगळा निरोप सांगितला. मास्तर हसाय लागलं. तू हूं म्हनल्याबिगर ठिवायचा न्हाई म्हनून हुबी ऱ्हायले. लय येळ काय सुदिक आवाज न्हाई. मग कानात आल्यागत झालं, लांबनं, हळू, 'व्हय काकू, निघालो.' मी बरं म्हटलं आन ठिवला. भास असंल. म्हनून हे पत्र टाकते. मिळताच नीघ."